वऱ्हांड्यातलं ताट

बाबा, काल आईला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तिचं ठीक आहे. उठता उठता तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, जेवणासोबत थोडी लाल वाइन घेतली तर हृदयाला बरं असते ना? डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, पूर्वी तसं समजायचे. आता हृदयासाठी प्यायला सुरुवात करा असं आम्ही कुणालाच सांगत नाही. ती तुमच्यासाठी विचारत होती, हे त्यांना कुठून कळणार?

तुमच्या छातीत पहिली कळ आली, त्यानंतरचं ते वर्ष. वरातीतसुद्धा कधी थेंब न घेतलेले तुम्ही, कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत कुणी बघू नये म्हणून शहरातून पेपरात गुंडाळून वाइनची बाटली आणता. जेवणासोबत घेतली की हृदयाला चांगली, असं शिफ्टच्या बसमध्ये कुणीतरी सांगितलेलं असतं. आई ती स्वयंपाकघरात येऊ देत नाही; ज्या घरात महालक्ष्म्या बसतात तिथे दारू नाही, औषध म्हणूनही नाही. मग तुमचं ताटच वऱ्हांड्यात गेलं. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून तुम्ही ती पेल्यात ओतायचात, डोळे मिटून गिळायचात आणि वर लगेच भाकरीचा घास. "खोकल्याचं औषध यापेक्षा गोड असते वं," मला म्हणायचात. आत आई एकटी जेवायची.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी तिने उरलेली बाटली मोरीत ओतली. सण झाला आणि थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. गोळ्या तर तुम्ही रोज घेत होतात, हे तिला किती वेळा सांगितलं. पण इतकी वर्षं तिच्या मनात एकच, ती बाटली असती तर तुम्ही असता.

म्हणून काल ऑटोत बसल्यावर मला हलकं वाटलं. म्हटलं, ऐकलंस ना आई, त्या बाटलीत काही नव्हतं. ती बाहेर बघत म्हणाली, "मंग म्या त्यायले वर्षभर बाहेर काहून जेवू घातलं वं?"

आज सकाळपासून ती जेवलेली नाही.

हे तिच्या हाती लागू नये, म्हणून लिहून झालं की फाडून टाकीन. तिला सांगता येत नाही ते तुम्हाला सांगते. वऱ्हांड्यात तुमच्याजवळ मी बसायचे, तुम्ही मरणाला घाबरलेले आहात हे मला दिसायचं, आणि तरी ती जेवणं मला आवडायची. तेवढा वेळ तुम्ही माझ्या एकटीचे असायचात.