मखमली कोटातल्या सुहासला

प्रिय सुहास,

काल दुपारी तुझ्या बँडचा कार्यक्रम झाला. तुझ्याशिवाय झालेला पहिला. मी गेले होते. घरी आले, चपला काढल्या आणि “काय झालं माहितीये का आज?” असं चक्क मोठ्यानं म्हणाले. मग आपल्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

इराला फोन करता आला असता. पण मेलबर्नला तिच्या परीक्षा चालू आहेत, आणि मी काहीही सांगितलं तरी ती “आई, आर यू ओके?” एवढंच विचारत राहते. मी ओके आहे का, हे मला सांगायचंच नव्हतं रे. जे झालं ते सांगायचं होतं. म्हणून आज सकाळी चहा घेऊन बसले आहे आणि तुला लिहिते आहे. लग्नाआधीसुद्धा मी तुला कधी पत्र लिहिलं नव्हतं. ईमेलवरच भागलं होतं आपलं!

हे वेड तू घरात आणलंस तो रविवार आठवतो का? मी मटार सोलत होते. सिंगापूरला आल्यापासून तू तुआसच्या प्लांटमधला सेफ्टी इंजिनिअर, दिवसभर हेल्मेट घालून व्हॉल्व्ह आणि गळत्या तपासणारा माणूस. आलास आणि माझ्या नाकासमोर मोबाइल धरलास. पडद्यावर पाच पुरुष होते. तोंडाला पांढरी पावडर, ओठांना लाली, खांद्यांपर्यंत कुरळे केस, गळ्याशी लेसच्या झालरी, पायघोळ मखमली कोट आणि कोटावर गुलाब. आणि वाजवत काय होते, तर कानठळ्या बसतील असं रॉक!

“फ्रेंच आहेत?”

“जपानी.”

“मग असे का नटलेत?”

केवढ्या उत्साहानं समजावलं होतंस! जपानी रॉकमधली ही एक वेगळीच शाखा. या मंडळींनी जुन्या फ्रान्समधले सरदार, त्यांचे महाल, मुखवटे घालून केलेले नाच, असं सगळं मनात रंगवलं आणि ते गाण्यात आणलं. ड्रम धडधडतात, गिटारी सुसाट पळतात आणि त्या गदारोळात मधूनच व्हायोलिन.

“पण फ्रान्समध्ये खरंच असं होतं का रे?”

“छे! खरे सरदार महिनोन्‌महिने आंघोळ करत नसतील. हा फ्रान्स कुठेच नव्हता, मंजू. म्हणून तर तिथे कुणालाही जाता येतं.”

मी हसले आणि पुन्हा मटार सोलायला लागले. तू मात्र खरंच निघून गेलास तिकडे.

चिंचवडला लहानपणी तू शेजारच्या काकांकडे मांडी घालून व्हायोलिन शिकायचास, हे मला सासूबाईंकडून कळलं होतं. इंजिनिअरिंगला गेलास आणि ते सुटलं. पुढच्या वेळी पुण्याहून येताना तू ते व्हायोलिन घेऊन आलास. खोलीत वाजवलं तर शेजारच्या चिनी आजोबांना त्रास होतो, म्हणून स्वयंपाकघरात उभा राहून सराव करायचास. माझ्या पोळ्या आणि तुझे सूर. एकच ओळ शंभरदा! मी वैतागून म्हणायचे, “ती ओळ आता मलाही पाठ झाली!”

मग तुमचा बँड जमला. प्लांटच्या लॅबमधला फैजल गायक. ज्याच्या इअरफोनमधून तू हे संगीत पहिल्यांदा ऐकलंस, तोच. त्याचे दोन मित्र ड्रमला आणि गिटारला. सगळे तुझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान. बँडला भारदस्त फ्रेंच नाव हवं, म्हणून फैजलनं एकेक शब्द शोधून नाव जुळवलं, पोम द तेर न्वार. त्याच्या मते ‘अंधाऱ्या धरतीचं सफरचंद’. पोस्टर छापून झाल्यावर एका फ्रेंच बाईंनी हसत हसत सांगितलं की याचा अर्थ होतो काळा बटाटा. तू घरी येऊन सोफ्यावर लोळून हसत होतास. डोळ्यांतून पाणी! “आम्ही नाव बदलणार नाही,” म्हणालास. नाहीच बदललंत.

आणि तुझा कोट! अरब स्ट्रीटच्या दुकानातून आपण दोघांनी मिळून घेतलेली ती वांगी रंगाची मखमल. सिंगापूरच्या उकाड्यात मखमल कोण घालतं? आतून अंगाला गार लागावं म्हणून मी माझी एक जुनी सुती साडी अस्तराला लावली. पहिल्यांदा घालून आरशासमोर उभा राहिलास. पोट थोडं सुटलेलं, केस विरळ, वर तो कुरळा टोप. हसू यायला हवं होतं. पण तू मला अनोळखी दिसलास, आणि देखणा दिसलास. हे तुला तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी तुझा फोटो पाहिला आणि मला विचारलं, “सुहास नाटकात काम करायला लागले की काय?” मी म्हटलं, “हो, ऐतिहासिक आहे.” तुला किती आवडलं होतं ते उत्तर!

मला तुझा राग यायचा, तो कशाचा हे तुला कधी कळलं का? लेसचा नाही, पावडरचाही नाही. तुला एक दुसरा देश सापडला होता आणि मला सापडला नव्हता, याचा. शनिवारी तू तालमीला जायचास. इरा मैत्रिणींबरोबर. मी तोआ पायोहच्या ऑफिसातून आठवडाभर घरी आणलेला थकवा घेऊन बाल्कनीत बसायचे आणि खालून जाणारी एलआरटीची छोटी ट्रेन बघायचे. तू मला म्हणायचास, चल की. मी एकदा आलेही. पण तिथे मी कोण होते? कोट शिवणारी. बायको. पाण्याची बाटली धरून बसलेली.

मग तू आजारी पडलास. स्वादुपिंड. हा शब्द मी शाळेच्या पुस्तकानंतर पहिल्यांदा उच्चारला तो डॉक्टरांनी सांगितल्यावर, तुला मराठीत समजावताना. जणू तुला इंग्रजी कळलं नव्हतं!

त्या शेवटच्या आठवड्यांत आपण काय बोललो रे? भेंडीची भाजी. इराचं हॉस्टेल. समोरच्या बेडवरच्या अंकलचं घोरणं. पुण्यातल्या फ्लॅटला कुठला रंग द्यायचा. मी रोज ठरवून यायचे की आज विचारीन, तुला भीती वाटते का, तुला काय हवंय, मागे काय करायचं. आणि तू विचारायचास, “डब्यात काय आणलंस?” मी डबा उघडायचे.

मंडाईच्या स्मशानभूमीत तुला निरोप द्यायला गेलो त्या सकाळी तू मला केवढ्या पेचात टाकलंस, याची तुला कल्पना आहे? पुण्याहून मिलिंदभावजी आले होते. मंत्र चालू होते. दार उघडलं आणि ते तिघे आत आले. पूर्ण वेषात! पांढरे चेहरे, लाल ओठ, झालरी, काळे मखमली कोट, हातात एकेक गुलाब. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

“वहिनी, हे कोण?” भावजींनी विचारलं.

“सुहासचे मित्र.”

“असे? आज? हा काय तमाशा आहे! आईला व्हिडिओवर दिसतंय सगळं.”

फैजलला मराठी येत नाही, पण सूर कळला त्याला. पुढे येऊन हळूच म्हणाला, “काक, सुहासनंच सांगितलं होतं असं या म्हणून. पण घरच्यांना चालत नसेल तर आम्ही बाहेर थांबतो. इट्स ओके.”

काक म्हणजे मलयमध्ये ताई. तो पहिल्यापासून मला काक म्हणतो आणि तू पहिल्यापासून हसतोस, “अगं, कावळा म्हणतोय तुला!”

तू त्यांना सांगितलं होतंस. हॉस्पिटलात. मला नाही! मी तिथे सगळ्यांसमोर उभी, आणि मला तुझी शेवटची इच्छा पावडर लावलेल्या एका मुलाकडून कळत होती. क्षणभर वाटलं, म्हणावं, जा, थांबा बाहेर. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. “भावजी, ते इथेच उभे राहतील. माझ्या शेजारी.”

राहिले. एअर कंडिशनर असूनसुद्धा त्यांची पावडर ओघळायला लागली. घामानं नव्हे. थोड्या वेळानं बघते तर भावजींनी खिशातला रुमाल काढून फैजलच्या हातात दिला होता. मोबाइलवरून सासूबाईंनी एवढंच विचारलं, “ती राजासारखी मुलं कोण गं? सुहासची का?” मी हो म्हटलं.

दहाव्याला भावजी बाल्कनीतून कावळा शोधत होते. साळुंक्या ढिगानं, कावळ्याचा पत्ता नाही. तेवढ्यात फैजलचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला आणि खोलीभर आवाज घुमला, “काक? काक?” भावजी दचकून मागे वळले. मला जे हसू फुटलं! आणि हसता हसता शेजारी बघितलं, तुझ्याकडे. तू तिथे असायला हवा होतास. एवढ्यासाठी तरी.

आता कालचं सांगते.

एका जुन्या इमारतीतला वरच्या मजल्यावरचा छोटा हॉल. तरुण पोरं, काळे फ्रॉक, लेसच्या छत्र्या. मीच एक सलवार-कमीजमध्ये. दिवे मंद झाले, ते आले, आणि तुझ्या जागेवर एक मुलगी येऊन उभी राहिली. शेरिल नाव. पॉलिटेक्निकमध्ये शिकते. चांदीच्या रंगाचा कोट, त्याच रंगाचा टोप. नवी व्हायोलिनवाली येणार, हे फैजलनं फोनवर सांगितलं होतं. सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं.

चांगलं वाजवत होती. स्वच्छ, चलाख. पण दुसऱ्या गाण्यात ती ओळ आली. स्वयंपाकघरातली, शंभरदा घोटलेली. तिनं सगळे सूर बरोबर लावले, आणि ती ओळ तुझी नव्हती. लोक टाळ्या वाजवत होते. मी उठले आणि बाहेर जिन्यात येऊन बसले.

मध्यंतरात फैजल शोधत आला. पायरीवर माझ्या शेजारी बसला, कोट सावरत.

“काक, रागावलीस?”

“त्यानं तुम्हाला सांगितलं, मला का नाही?” मी विचारलं. इतके महिने गिळलेलं, तिथे बाहेर पडलं.

फैजल म्हणाला, “मीही विचारलं होतं त्याला. तो म्हणाला, तुमच्याबरोबर मी मरण्याचं बोलू शकतो. मंजिरी आली की मला डब्यात काय आहे ते विचारायचं असतं. तेवढा वेळ मी आजारी नसतो.”

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं, सुहास. तुला तो अर्धा तास मिळत होता, मला काय मिळत होतं? मी एकटीच घाबरत होते, लिफ्टमध्ये, बसमध्ये, भाजी चिरताना. सांगायला हवं होतंस. मी ऐकलं असतं आणि मग डबाही उघडला असता. दोन्ही जमलं असतं मला. आज तू समोर असतास तर तुझ्याशी कडकडून भांडले असते.

तेवढ्यात दार ढकलून ती शेरिल आली. टोप काढून हातात घेतलेला, आतले केस घामानं चिकटलेले. अगदीच पोरगी आहे रे.

“आंटी, सॉरी हां. एक विचारू? दुसऱ्या गाण्यातली ती ओळ. मी अंकलचं रेकॉर्डिंग इतक्यांदा ऐकलंय. सगळ्या नोट्स सेम आहेत, पण कान्ट गेट इट लाह. मी काय चुकतेय?”

मला संगीतातलं काही कळत नाही. पण ते उत्तर मला येत होतं. “तू एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारतेस,” मी म्हटलं. “तो घसरत जायचा. त्याला लहानपणी तसंच शिकवलं होतं, आमच्याकडे मींड म्हणतात.”

“कसं?”

आणि मी, जी मंडळात आरतीसुद्धा ओठातल्या ओठात म्हणते, ती त्या जिन्यात बसून गायले. आवाज फाटला. वरच्या सुराशी थांबले आणि मग खाली उतरले, तू उतरायचास तशी. जिन्यात ते घुमलं. फैजलनं मान खाली घातली. शेरिलनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “अगेन, प्लीज?”

मी पुन्हा गायले.

नंतर शेरिलनं मला विचारलं, आंटी, शनिवारी तालमीला याल का? मी ‘बघते’ म्हणून निघाले. एमआरटी मेट्रोत बसले, घरी आले, आणि पुढचं तुला माहीत आहे. पंख्याचा आवाज.

मी आता सुखी आहे, किंवा होईन, असं काही तुला लिहीत नाही. काल गायले म्हणून आजचा रविवार छोटा झालेला नाही. दुपारी जेवायला खाली हॉकर सेंटरला जाईन, कुणाच्या तरी टेबलावर रिकामी खुर्ची मागेन, आणि परत येईन.

पण शनिवारी मी जाणार आहे. ती मुलगी शिकेल, मला दिसतंय ते. आणि एक दिवस तिला तुझ्यासारखं यायला लागेल, आणि त्यानंतर कधीतरी ती त्यात आपलं काहीतरी घालील. तुझ्या ओळीत तुझं नसलेलं काही. त्या दिवशी मला फार दुखेल, आत्ताच कळतंय. तरी वचन देते, तेव्हा मी तिला थांबवणार नाही.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच,
मंजू