आत्मिक योद्धा, दौंड जंक्शन

रविवार, ११ ऑगस्ट २००२
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी आत्मिक योद्धा.

सकाळच्या उपासनेला नगरहून पाहुणे उपदेशक आले होते. दीड तास बोलले. म्हणाले, ख्रिस्ती माणसं दोन प्रकारची, एक सोफ्यावरची आणि दुसरी रणांगणावरची. सोफ्यावरच्यांचं वर्णन चालू असताना मी वळून बापूसाहेबांकडे पाहिलं. (रिटायर्ड गार्ड, चर्चच्या पंचकमिटीतले सर्वांत सीनियर.) ते आधीपासूनच माझ्याकडे पाहत होते. त्यांचा काहीतरी गैरसमज झाला असावा.

शेवटी उपदेशकांनी विचारलं, सैतानाशी लढायला कोण तयार आहे, उभे राहा. पहिला मी उभा राहिलो. मांडीला मुंग्या आल्या होत्या हे खरं, पण तसाही मी उभा राहणारच होतो.

जेवताना अनिताला विचारलं, तुला प्रवचनातलं काय समजलं. म्हणाली, "कुणाचं दुखणं बघून घरी बसवत नाही, तेव्हा माणूस उठतो. एवढंच." फारच बाळबोध. मी तिला शिरस्त्राण, ढाल, तरवार, बायबलमधली सगळी शस्त्रसामग्री नीट समजावून सांगायला घेतली. ती ढालीपाशीच उठली आणि डबा भरायला लागली. बायको चांगली आहे, पण आत्मिक विषयांत रस कमी.

सोमवार, १२ ऑगस्ट
पहाटे चारचा गजर लावला होता. वाजला. मीच बंद केला असं अनिता म्हणते. योद्ध्याची झोप पूर्ण व्हायला हवी, हा विचार झोपेतही माझ्या मनात आला असणार. उद्यापासून साडेचार.

मंगळवार, १३ ऑगस्ट
साडेचारला जागा. पडूनच प्रार्थना केली. पडून प्रार्थना करायला शास्त्रात कुठं मनाई नाही. पहिल्या "हे पित्या" नंतरचं आठवत नाही, म्हणजे बरीच खोल गेली असावी. डोळे उघडले तेव्हा अनिता स्वयंपाक आटपून बाहेर निघाली होती. परत भिमाजी मामांकडे.

भिमाजी मामा म्हणजे आमच्या चर्चची घंटा वाजवणारे, रेल्वेतले जुने गँगमन. त्यांची मुलगी साधना मागच्या महिन्यात माहेरी परत आली. नवरा ट्रक चालवायचा, शिक्रापूरला खोली घेऊन राहायचे. उन्हाळ्यात तो वारला. त्याला तो रोग होता. आता साधनालाही निघालाय. रिपोर्ट आला त्याच दिवशी सासरच्यांनी तिला दौंडच्या एसटीत बसवून दिलं. वाईट झालं. मी प्रार्थनेत तिचं नाव घेतो. घ्यायचं ठरवलं आहे.

गुरुवार, १५ ऑगस्ट
स्टेशनवर झेंडावंदन. तिथंच हौसरावला गाठलं. हौसराव टीसी आहे, आमच्याच चर्चमधला. त्याला म्हटलं, आपण योद्धा गट काढू. त्यानं विचारलं, चहा कुणाकडे? मी म्हटलं, माझ्याकडे. लगेच तयार झाला. प्रभू माणसं पुरवतो.

शनिवार, १७ ऑगस्ट
गटाची पहिली सभा, आमच्या क्वार्टरमध्ये. हजर: मी आणि हौसराव. गटाचं नाव काय असावं यावर सखोल चर्चा. "सिंहगर्जना" हे माझं. "जागृती" हे त्याचं. शेवटी "सिंहगर्जना जागृती योद्धा गट". रबर स्टॅम्प करायला टाकला. चहा मलाच करावा लागला, कारण अनिता घरी नव्हती. साधनाला पुण्याच्या दवाखान्यात दाखवायला घेऊन गेली होती. दोघी पॅसेंजरनं गेल्या, पॅसेंजरनं आल्या. सभा आहे हे मी आदल्या दिवशी सांगूनही. परत आल्यावर तिचे पाय सुजलेले होते. मी म्हटलं, झेपत नाही तर कशाला करतेस.

सोमवार, १९ ऑगस्ट
प्रार्थना-फेरी. वस्तीभोवती चालत फिरायचं आणि तो भाग प्रभूच्या नावानं जिंकायचा, असं उपदेशकांनी सांगितलं होतं. रेल्वे कॉलनीपासून सुरुवात. तिसऱ्या चाळीपाशी एक काळं कुत्रं आडवं आलं. मी त्याला धमकावलं. कुत्र्यानं ऐकलं नाही. मार्ग बदलला तो थेट स्टेशनबाहेरच्या वडेवाल्यापाशी निघाला. तेवढा भाग जिंकला.

गुरुवार, २२ ऑगस्ट
स्टॅम्प आला. "जागृती"वर एक रफार कुठून तरी जास्त पडला आहे. परत दिला. त्यामुळं गटाचं काम तूर्त थांबलेलं.

संध्याकाळी चर्चच्या आवारात कुजबुज. एक तारखेला प्रभुभोजन आहे. आमच्याकडे प्याला एकच, सगळे गुडघे टेकून त्याच प्याल्यातून घेतात, आजोबा-पणजोबांपासून. साधना त्याच प्याल्याला तोंड लावणार का, असा प्रश्न निघाला आहे. भिमाजी मामांनी बिचाऱ्यांनी स्वतःच पाळकसाहेबांना विचारलं म्हणे, "साहेब, आमच्या पोरीनं यावं का न्हाई, तेवढं सांगा. न्हाई म्हनला तरी आमी वाईट वाटून घ्यायचो न्हाई." पाळकसाहेब तरुण आहेत, नुकतेच बदलून आलेले. म्हणाले, रविवारी कमिटीपुढं ठेवतो.

कमिटीत मी आहे.

शनिवार, २४ ऑगस्ट
अनिता आज माझ्याजवळ बसली. बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, "अहो, उद्या तुम्ही बोला. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय, एका भांड्यातून प्यायल्यानं काही होत नाही. तुम्ही कमिटीत आहात. तुमचं ऐकतील." मी म्हटलं, ऐकतील म्हणजे काय, ऐकावंच लागेल. ही तर उघडउघड सैतानाची लढाई. असल्याच दिवसासाठी मी उभा राहिलो होतो. ती हसली. म्हणाली, मग मी साधनाला सांगते, काका बोलणार आहेत म्हणून.

आरशापुढं भाषणाची तयारी केली. जबरदस्त झालं. शेवटच्या वाक्याला माझेच डोळे भरून आले.

रविवार, २५ ऑगस्ट
कमिटी झाली. सविस्तर लिहितो, कारण परिस्थिती फार गुंतागुंतीची होती.

पाळकसाहेबांनी विषय मांडला. बापूसाहेब म्हणाले, आपल्याला कुणाला दुखवायचं नाही, पण लोक घाबरतात, लहान मुलं आहेत, साधनानं काही महिने प्याला घेऊ नये, मागं बसून नुसती प्रार्थना करावी. दोघांतिघांनी माना हलवल्या. पाळकसाहेब म्हणाले, डॉक्टरांचं म्हणणं तर वेगळं आहे. मग माझ्याकडे वळले. "उजागरे, तुमचं काय मत?"

मी बोलायला उठलोच होतो. नेमका तेव्हा चहा आला. भाषणाची लय असते, ती मोडली. शिवाय बापूसाहेब माझ्या थेट समोर. त्यांनीच माझ्या लग्नात आशीर्वादाचं भाषण केलं होतं. चारचौघांत त्यांचा अपमान करणं हे काही प्रेमाचं लक्षण नव्हे. मी म्हटलं, दोन्ही बाजूंच्या भावना जपल्या पाहिजेत. बंदी नको. मात्र साधनानं सगळ्यांच्या शेवटी यावं, म्हणजे तिच्यानंतर त्या प्याल्यातून कुणाला घ्यायला नको.

बापूसाहेबांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, उजागरे, असा समजूतदार माणूस पाहिजे. ठराव पास. पाळकसाहेब खिडकीतून बाहेर बघत होते. अनुभव कमी, दुसरं काय.

घरी आल्यावर अनिताला सांगितलं, लढलो. बंदी होऊ दिली नाही. ती इतकी खूश झाली की तिनं संध्याकाळी गोड शिरा केला. शिरा खाताना "शेवटी" हा तपशील सांगितला. तिचा हात ताटातच थांबला. "शेवटी म्हणजे? सगळ्यांनंतर?" मी म्हटलं, हो, व्यवस्थेसाठी. ती म्हणाली, "मी तर तिला सांगून आले, तुम्ही तिच्या बाजूनं उभे राहिलात." मी म्हटलं, मग बरोबरच सांगितलंस.

शिरा उरला.

मंगळवार, २७ ऑगस्ट
ठरावाचं सगळीकडे कौतुक. माझ्या बुकिंगच्या खिडकीवर चर्चमधल्या एकानं रांगेतून पुढं येऊन शेकहँड केला. हौसराव म्हणतो, पुढच्या वेळी सेक्रेटरीपदासाठी माझंच नाव. मी सांगितलं, पदासाठी योद्धा लढत नाही. पण नाव सुचवलं तर अडवणार नाही.

अनिता दोन दिवस मोजकंच बोलते. बायकांचं मन.

शुक्रवार, ३० ऑगस्ट
ओव्हरटाइम. लढाई बंद.

रविवार, १ सप्टेंबर
प्रभुभोजन. मी पहिल्या रांगेत, बापूसाहेबांच्या शेजारी गुडघे टेकले आणि प्याला घेतला. आघाडीच्या माणसानं आघाडीवर असावं. परत येऊन बाकावर बसलो तर शेजारी अनिता नाही. बघतो तर सगळ्यात मागच्या बाकावर, साधनाला चिकटून बसलेली. पुढं यायची खूण केली. तिनं पाहिलं आणि मान खाली घातली.

एकेक रांग उठून गेली. भिमाजी मामा गेले, येताना भिंतीला हात धरत आले. शेवटी साधना उठली. पांढरी साडी, डोक्यावर पदर. एकटीच चालत गेली. चर्चमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. पाळकसाहेबांनी प्याला तिच्या ओठांना लावला. झालं, असं वाटून सगळ्यांनी श्वास सोडला.

तेवढ्यात अनिता उठली. साधना अजून गुडघ्यांवरच होती, तिच्या शेजारी जाऊन बसली. पाळकसाहेब क्षणभर थांबले. मग त्यांनी प्याला न पुसता तिला दिला. ती प्यायली. सावकाश प्यायली.

मागून काठीचा आवाज आला. अनसाबाई. म्हातारीला दिसत नाही की चालवत नाही, तिला प्याला नेहमी बाकावर नेऊन देतात. आज तिनं नेऊन दिलेला घेतलाच नव्हता. काठी टेकत टेकत पुढं गेली. म्हणाली, "मला बी त्यातलंच द्या, साहेब." तिच्या मागून आणखी दोन बायका उठल्या. मग हौसराव उठला. माझ्या गटाचा निम्मा भाग!

बापूसाहेब मला म्हणाले, हे ठरावात नव्हतं. मी म्हटलं, नव्हतं. मला एकाएकी खोकला आला म्हणून मी बाहेर जाऊन स्कूटर सावलीत लावली. सावलीत होतीच, जास्त सावलीत लावली.

घरी पाणी प्यायचा माझा ग्लास मी वेगळा काढला आणि स्वतः घासला. स्वच्छतेची सवय. अनिता दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, पावसाळा आहे, सर्दी-पडसं पसरतं.

सोमवार, २ सप्टेंबर
हे लिहायचं नव्हतं. पण दुसरं काही सुचत नाही.

ड्यूटीवरून आलो तर अनिता तयार होऊन बसलेली. म्हणाली, साधनाला तुमचे आभार मानायचेत, चला. मी म्हटलं, आभार कसले. म्हणाली, "मला माहीत आहे कसले ते. तिला माहीत नाही. चला."

भिमाजी मामांची एक खोली आणि पडवी. मामांनी मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसले. साधना म्हणाली, "काका, कमिटीत तुम्ही एकटे बोललात म्हणं माझ्यासाठी. न्हाईतर मला चर्चची पायरी बंद झाली असती." तिचे डोळे भरले होते. मी अनिताकडे पाहिलं. अनिता जमिनीकडे बघत होती. मी म्हटलं, कर्तव्य होतं.

साधनानं चहा आणला. ठेवणीतल्या कपबशा. वेलदोड्याचा वास दरवळला. माझा कप तिनं पदरानं आतून पुसला, चहा ओतला आणि माझ्या हातात दिला. तिघं माझ्याकडे बघत होते, पाहुण्यानं पहिला घोट घ्यावा म्हणून. एका कपातून काही होत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. कमिटीत हेच तर मी सांगणार होतो. भाषणात हे वाक्य होतं.

कप बराच वेळ हातात होता. मग मी म्हटलं, "माझा उपास आहे."

साधनाला आधी कळलं नाही. मग तिचा चेहरा कसातरीच झाला. "माझ्यासाठी धरला, काका?"

मी हो म्हटलं.

ती माझ्या पायाला हात लावायला वाकली. मामा डोळे पुसत म्हणाले, "असा मानूस न्हाई बगितला." अनितानं माझ्या हातातून कप घेतला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. मग तिचा स्वतःचाही प्यायली. आभाराची प्रार्थना करा म्हणून मामांनी मलाच सांगितलं. केली. काय बोललो ते आठवत नाही.

घरी येऊन अनितानं एकच भाकरी थापली. वांग्याची भाजी केली, ताट वाढून घेतलं, माझ्यासमोर बसून जेवली. मी म्हटलं, आणि मला? ती म्हणाली, "तुमचा उपास आहे. तिला खरं वाटलंय, तो खोटा पडायला नको."

मग तिनं ताट घासून पालथं ठेवलं.