मालनच्या कमरेतली सुई

३ मार्च १९५८
वहीबाई, मिटलीस की सगळं विसरतेस तू, म्हणून परत सांगते — मी बोलते, सून अनुसूया लिहिते. अनुसूये, मध्ये पदरचं घालायचं नाही!
आज माझ्या नातीचं, मालनचं, ऑपरेशन व्हायचं होतं. सहा वर्षांची पोर, दोन्ही पावलं आत वळलेली. आधी डावं करणार होते. झालं नाही! डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळी पाणीसुद्धा नको. आमच्या विहीणबाई विठाबाईंनी निघताना तिच्या तोंडात दही-साखर घातली. “शुभ कामाला निघालेली पोर, तशीच कशी पाठवू? स्वल्पच दिलं हो!” पोटात काही असलं तर भुलीत उलटी होऊन श्वास अडकतो म्हणे. आलो परत.

७ मार्च
मालनची छाती शिट्टी वाजवते. डॉक्टर म्हणतात, हुंगायची भूल नको. कमरेत सुई देऊन नुसते पाय बधिर करू. माझा लेक नागनाथ उठलाच. “कण्यात सुई? पोर जन्माची लुळी झाली तर?” संमतीच्या कागदावर सही करीत नाही. मी म्हटलं, “आणि आता काय शर्यतीत धावते ती?”

८ मार्च
अजून नाही. डोकं फिरलंय माझं!

१२ मार्च
केली एकदाची सही. सुई देताना पोर हलायला नको, म्हणून मला आत घेतलं. तिचे गुडघे तिच्या पोटाशी दुमडून तिला आवळून धरलं. टोचल्यावर किंचाळली, माझ्या हाताला चावली. मग थोड्या वेळानं विचारते, “आजी, माझे पाय कुणी नेले?”
संध्याकाळी बधिरपणा उतरला, पोर कळवळली. नर्स म्हणते, “अक्का, लहान मुलांना एवढं दुखत नसतं.” मग रडतंय कोण — पलंग? डॉक्टर येईपर्यंत दारातून हलले नाही. औषध दिलं तेव्हा झोपली.

१३ मार्च
नागनाथ सारखा तिच्या पायाचा अंगठा दाबतो. “कळतं का ग?” शेवटी ओरडली — “अण्णा, गुदगुल्या नको!” बाहेर जाऊन डोळे पुसून आला. मी पाहिलंच नाही.

३० एप्रिल
प्लास्टर निघालं. पाऊल सरळ! मालननं स्वतः डॉक्टरांना विचारलं, “दुसरा कधी? तीच सुई द्या.” उद्याच ठरलंय. नागनाथ म्हणाला, “आई, या खेपेला मी धरतो तिला.”
विहीणबाईंना निरोप — सकाळी पोरीच्या तोंडात काही घालू नका; दुपारनंतर रागीची पातळ गंजी, म्हणजे नाचणीची पेज, पाठवा, वर तूप. नागनाथला दोन भाकऱ्या जास्त.