असकं हिरवं आहे

४ ऑगस्ट, सोमवार
स्टाफ मीटिंग. कॉलेजचं सगळं ऑनलाइन मटेरियल सगळ्या विद्यार्थ्यांना वापरता आलं पाहिजे, सप्टेंबरात कमिटी येऊन पाहणार आहे, आणि या कामाच्या कोऑर्डिनेटर सुधा मॅडम. म्हणजे मी. मला हे तिथंच, सगळ्यांबरोबर कळलं. टाळ्या.

घरी येऊन विचारलं, "मामा, आधी एक शब्द सांगायचं की." ते कॉफी गार करत होते. "कॉलेजांत मामा म्हणूं नको." "हे घर आहे." "मग घरीं कॉलेजचं काढूं नको." झालं.

मामाचा मुलगा करायची आमच्यात रीतच. प्रिन्सिपल माझे मामा, मामा माझे सासरे. लग्नात आईला केवढा आनंद, की मुलगी परक्या घरी जात नाही. परकं घर असतं तर तिथल्या कुरकुरी माहेरी जाऊन सांगता आल्या असत्या. इथं माहेरही त्यांचंच.

ही वही म्हणूनच देवनागरीत. शाळेत संस्कृत घेतलं त्याचा एवढाच उपयोग. तमिळ मुलखात पिढ्या गेल्या, घरात सगळे मराठी बोलतात, वाचता कोणाला येत नाही. नवऱ्याला, माधवलासुद्धा नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार
तेन्मोळीला बोलावलं. बी.ए. इकॉनॉमिक्स, दुसरं वर्ष, जन्मापासून दिसत नाही. ओरत्तनाडूच्या पलीकडून बसनं येते. फोन तिला सगळं वाचून दाखवतो, इतक्या वेगानं की मला एक अक्षर कळेना. ती हसली. "मॅडम, तुमच्यासाठी हळू करू?"

आमचं पोर्टल उघडून दाखव म्हटलं. बहुतेक शिक्षकांनी वहीचे फोटो काढून टाकलेत. फोन म्हणतो, चित्र. चित्र. चित्र. मग स्टॅटिस्टिक्सच्या तमिळ नोट्स, नीट टाइप केलेल्या. फोन इंग्रजी अक्षरं एकेक करून ओकायला लागला. मला वाटलं फोन बिघडला. फोन ठणठणीत आहे. आमच्याकडे सगळे अजून तो जुना तमिळ फाँट वापरतात. पडद्यावर तमिळ दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरंच असतात. वीस वर्षं टायपिंगवाले त्यातच टाइप करतायत आणि आम्ही सगळे छान छान म्हणतोय.

"मग तू पास कशी झालीस गं?"
"लायब्ररीतल्या अक्का वाचतात ना."
कॉलेजनं तिच्यासाठी एक वाचक बाई ठेवली आहे. रोज एक तास लायब्ररीत वाचून दाखवते. तेवढ्या एका तासावर ही मुलगी वर्गात तिसरी आलीय.

१३ ऑगस्ट, बुधवार
आज माझी पाळी. माझा मागणी-पुरवठ्याचा व्हिडिओ डोळे मिटून ऐकला. मला वाटायचं मी बरी शिकवते. "इदु इंगे वरुदु, अदु अंगे पोगुदु, आता बघा, इथं दोघी भेटतात." हे इकडं येतं, ते तिकडं जातं. काय येतं? कोण जातं? फळ्यावर खडू टेकवल्याचा आवाज आणि हे, ते, इथं, तिथं. अख्खा पाठ तसा. कानकोंडी झाले.

तोच पाठ परत रेकॉर्ड केला. प्रत्येक रेषेला नाव, कुठून निघते, कुठं उतरते, सगळं बोलून. शिवाय टाइप करून, नव्या फाँटात. निम्म्यात लक्षात आलं की मूळ आकृती मलाच नीट सांगता येत नव्हती. हात दाखवून दाखवून भागवत आले होते.

१४ ऑगस्ट, गुरुवार
तेन्मोळी वर्गाबाहेर थांबलेली. "मॅडम, त्या दोन रेषा एकमेकींना कापतात होय? मला वाटायचं शेजारी शेजारी असतात." आणि मोठ्यांदा हसली. मी पण हसले, पण रडू येत होतं. वर्षभर ती शेजारी शेजारी समजून पेपर लिहीत होती.

तो टाइप केलेला पाठ बाकीची मुलंही उतरवून घेतायत. गावाकडे रेंज नसते, व्हिडिओ चालत नाही, हे चालतं. मला हे आधी सुचायला हवं होतं. आता माझ्या पेपरचे बाकीचे पाठही असेच करतेय.

२१ ऑगस्ट, गुरुवार
विभागाविभागांतून फिरतेय. उत्तरं ठरलेली. वेळ नाही. टायपिस्ट रजेवर. एका मुलीसाठी एवढं? कॉमर्सचे मुरुगेसन सर तेवढे गोड. "करून टाकतो मॅडम, काळजी करू नका. माझ्याबरोबर बाकीच्यांचंही करतो." इतका गोड माणूस बघून भीतीच वाटते.

३ सप्टेंबर, बुधवार
भीती खरी होती.

कॉलेजनं एक तपासणी सॉफ्टवेअर आणलंय. पाठ टाकला की लाल नाहीतर हिरवं दाखवतं. महिनाभर लाल होतं. आज सकाळी सगळं हिरवं! मी वेड्यासारखी एकेक उघडत बसले. मुरुगेसन सरांनी दोन विद्यार्थी बसवून प्रत्येक चित्राखाली वर्णन टाकलंय. सगळीकडे एकच शब्द. "पडम." चित्र. वहीच्या पानाचा फोटो, पडम. आलेख, पडम. ताळेबंद, पडम. वर्णन आहे की नाही एवढंच ते सॉफ्टवेअर बघतं, काय लिहिलंय ते बघत नाही. जुन्या फाँटच्या नोट्सही हिरव्या, कारण आत अक्षरं आहेत ना.

तेन्मोळीला दाखवलं. म्हणाली, "पूर्वी फोन इंग्रजीत चित्र म्हणायचा, आता तमिळमध्ये म्हणतो. प्रगती आहे, मॅडम."

४ सप्टेंबर, गुरुवार
संध्याकाळी मामांना सांगितलं. घरीच. कॉलेजात सरांच्या खोलीत कोणी ना कोणी असतंच.

"असकं हिरवं आहे म्हणून मुरुगेसन सांगितला."
"सगळं हिरवं आहे, पण उपयोगाचं नाही, मामा. वर्षभर द्या, मी नीट करून घेते."
"वर्षभरानं मी असणार नाहीं. मेमध्यें रिटायर होतों. हीच एक कमिटी राहिली."
"तेन्मोळीला एकदा ऐकवायला सांगा. तुमच्या समोर."
"मशीन बरोबर म्हणतं, तूं एकटी नाहीं म्हणतेस. लोक काय समजावं? घरांतलीच सून मोडता घालते म्हणून?"

मामी मधे पडली. डांगर पचडी वाढते म्हणाली, विषय बदलायला. मला राग येतो तो याचा की ते वाईट नाहीत. बाबा गेले तेव्हा माझी फी त्यांनीच भरली. कॉलेज तीन खोल्यांचं होतं तेव्हापासून ते तिथं आहेत. त्यांना जाताना एक चांगला शेरा हवाय, बस.

कमिटीच्या प्रमाणपत्रावर कोऑर्डिनेटर म्हणून माझी सही लागणार, म्हणून माधवला विचारलं. तो बँकेत आहे, सह्यांची भीती त्याला माझ्याहून जास्त. म्हणाला, "तू बरोबर आहेस." आणि लगेच, "पण बाबांना आत्ता नको दुखवू." दोन्ही एका दमात.

९ सप्टेंबर, मंगळवार
केली सही.

सर म्हणून मागितली की नाही म्हणता येतं. दोनदा म्हटलंही, ऑफिसात, शिपायासमोर. आज सकाळी मामांनी इडलीच्या ताटाशेजारी कागद ठेवला. पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. "सही कर की गे. सर्व अभ्याससाहित्य सर्व विद्यार्थ्यांस उपलब्ध आहे, एवढंच आहे." मामी चटणी वाढताना थांबली. मी कागद परत सरकवायला हवा होता. माझ्या डोळ्यांपुढे बी.ए.चं पहिलं वर्ष, बाबांचं तेरावं, आणि मामा माझी फी भरायला कॉलेजच्या खिडकीशी रांगेत उभे.

हात धुऊन पुसले आणि सही केली. दिवसभर स्वतःचा संताप.

१८ सप्टेंबर, गुरुवार
कमिटी आली. शाली, हार, फळांच्या परड्या. तेन्मोळीला समोर बसवलं. कुठला पाठ उघडायचा ते सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. माझाच, मागणी-पुरवठ्याचा. माझ्या एका विषयाचे पाठ तेवढे खरे झालेत. तिनं तो ऐकला, कागदावर मेणाच्या दोऱ्यानं दोन रेषा चिकटवून दाखवल्या, बरोबर जागी कापणाऱ्या. कमिटीच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी. टाळ्या.

तेन्मोळीला बाहेर सोडायला गेले. "दुसरा कुठला उघडा म्हटलं असतं तर?" मी विचारलं. म्हणाली, "म्हणालेच नाहीत ना." आणि काठी उघडून चालू पडली.

मामांनी येताना दोन किलो जिलेबी आणली. शेजारीपाजारी वाटली. मला म्हणाले, "तुझ्यामुळें झालं." मनापासून म्हणाले.

६ ऑक्टोबर, सोमवार
नोटीस लागली. सर्व साहित्य सर्वांना उपलब्ध झाल्याचे प्रमाणित झाले असल्यामुळे लायब्ररीतील वाचकाची व्यवस्था आजपासून बंद. खाली सरांची सही.

तेन्मोळी स्टाफरूमच्या दारात. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "मॅडम, नोव्हेंबरात परीक्षा. पाच पेपर. तुमचा एक मला वाचता येतो. बाकीचे चार कोण वाचणार?"

मला हे सुचलंच नव्हतं. सही करताना वाटलं होतं की एक खोटं कागदावर जाईल आणि तिथंच पडून राहील. ते उठून मुलीचा एक तास घेऊन गेलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार
सरांच्या खोलीत गेले. दार लावलं. सर, वाचक बाईंना परत ठेवा.

"कसं ठेवूं? साहित्य उपलब्ध आहे म्हणून आपण लिहून दिलं. मग वाचक कशाला म्हणून ऑडिट विचारेल."
"मग उपलब्ध नाही म्हणून लिहून देते."
"तर मग सही कशाला केलीस?"

इडली खाताना पेन कोणी दिलं ते म्हणायचं होतं. ऑफिसात घरचं कसं काढू! ते मान खाली घालून फाइल बघत राहिले. मग हळू, मराठीत, तिथं खुर्चीत बसून, "तूं केलीस म्हणून मी पण केलों गे." मी शहानिशा केलेली असणार असं त्यांना खरंच वाटलं होतं का? की हेही सोयीचं? कळत नाही. मुरुगेसन सर मला बघून म्हणतात, तुम्हीच तर पास केलंत मॅडम.

सगळीकडून तेच. पुढं गेले तर मी खोटी, गप्प बसले तर ती नापास.

११ ऑक्टोबर, शनिवार
चार विषय स्वतः वाचून रेकॉर्ड करतेय. कॉलेजात करता येत नाही, कोणी विचारलं तर कशासाठी म्हणून सांगू? घरी, गच्चीत, पाण्याच्या टाकीमागे. खालून नारळवाला ओरडतो, तो पण रेकॉर्ड होतो. स्टॅटिस्टिक्स मला धड येत नाही, कोष्टक वाचताना जीभ वळत नाही. पोर्शन निम्मासुद्धा व्हायचा नाही.

जेवताना घसा बसलेला. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मामीला म्हणाले, "तिला दूध-मिरें दे." म्हणजे गच्चीतलं ऐकू जातंय. माहीत आहे त्यांना. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
दिवाळी सोमवारी. संध्याकाळी तेन्मोळी घरी आली, रेकॉर्डिंग घ्यायला. घरीच ये म्हटलं होतं, उघड उघड. एवढंच धाडस. मामी आत अधिरसम तळत होती, मामा बाजारात.

रेकॉर्डिंगं घेतली. मग म्हणाली, "मॅडम, मी युनिव्हर्सिटीला तक्रार लिहिलीय. पाठवण्याआधी तुम्ही ऐका. काही चूक नको." फोन माझ्यासाठी हळू केला. सगळं होतं. जुना फाँट, पडम, फक्त एक पाठ उघडायला सांगितलेला, वाचक बंद. कुठं रडारड नाही. कॉलेजनं खोटं लिहून दिलं असं म्हटलं होतं.

"कोणाच्या सहीनं ते नाही लिहिलंस."
"तुमची आहे, मॅडम. म्हणून."

ती मला वाचवत होती आणि मला ते आवडत होतं, हे खरं लिहायला पाहिजे. पण नाव नसलं तर विचारतील, कोणतं प्रमाणपत्र, कोणी दिलं, आणि कॉलेजकडेच खुलासा मागवतील. खुलासा लिहायला बसवतील मलाच. मीच लिहीन की सगळं हिरवं आहे. ते मी लिहीन हे मला आता ठाऊक आहे.

म्हटलं, "नाव घाल." तिनं घातलं. फोननं माझं नाव वाचलं, हुद्दा वाचला. मग म्हटलं, "खाली प्रिन्सिपलचीही सही आहे, ते पण घाल." तिचं बोट थांबलं. घर कोणाचं ते तिला माहीत आहे. तरी घातलं. फोननं मामांचं नाव आमच्या हॉलमध्ये वाचलं.

"बरोबर आहे?"
"बरोबर आहे."
"पाठवू?"

तेवढ्यात फाटक वाजलं. मामा, हातात फटाक्यांची पिशवी. तिला बघून थबकले. मग फक्त म्हणाले, तमिळमध्ये, "शेवटची बस कितीची तुझी? अंधार पडतोय, चल, स्टँडवर सोडतो." ती नको नको म्हणत होती. मामीनं डबा भरून दिला. तिनं एका हातात डबा घेतला, दुसऱ्या हातात फोन, त्यावर तक्रार तशीच उघडी, आणि मामांनी स्वतः गाडीचं दार धरलं.

गाडी गेली त्याला बराच वेळ झाला. स्टँड काही लांब नाही. माधव दोनदा येऊन विचारून गेला, बाबा कुठं राहिले. मामी विचारते, पानं घेऊं का. म्हटलं, ते येऊं देत.