सहाव्या नावापाशी खरखर

३ फेब्रुवारी १९८५, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. डायरी १९८४ ची आहे, पण कोरी. वार खोडून दुरुस्त केले की झालं.
संकल्प तीन. एक, चहा दोनच. दोन, ऑफिसच्या वार्षिक अंकासाठी ‘माझ्या शाळेच्या दिवसांतली गाणी’ हा लेख. साहेबांनी मागितलेला नाही, पण वाचल्यावर त्यांना कळेल. तीन, मेहुण्याने मुंबईहून आणून दिलेल्या टू-इन-वनवर दर रविवारी संध्याकाळी फर्माईशीचा कार्यक्रम ऐकून टिपणं काढणे.
त्या गाण्यांवर बोलायला या गावात माझ्याइतका अधिकारी माणूस नाही. पूर्णगडापर्यंत पहिला रेडिओ आमच्या दुकानात आला होता.

त्याच दिवशी, रात्री ८.
ऐकला. नावं वाचताना मध्येच खरखर. एक नाव पूर्ण खाल्लं. सेट जपानी आहे, म्हणजे दोष सेलचा.

४ फेब्रुवारी.
सेल बदलले. चहा चार. पाहुणे होते.

१० फेब्रुवारी, रविवार.
नव्या सेलवरही खरखर. पाच नावं स्वच्छ, सहाव्याला खरखर. प्रभावती (आमची सौ.) म्हणते, तिला सगळी ऐकू आली आणि सहावं नाव दापोलीच्या कुणा बाईचं होतं. ती तांदूळ निवडत होती. तिचं लक्ष नसतं.

१२ फेब्रुवारी. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.
लेखाची सुरुवात झाली. उतरवून ठेवतो.
‘सन १९६४. आम्ही आठवीत. आमच्या दुकानातल्या फळीवर रेडिओ असे. गाव पडवीत बसून ऐके. बौद्धवाडीची माणसं रस्त्यापलीकडे फणसाखाली उभी राहून ऐकत, तिथे सावली चांगली होती. आम्ही सहा मित्रांनी एका गाण्याची फर्माईश पाठवली. कार्ड मी लिहिलं, अक्षर माझं चांगलं म्हणून. महिनाभराने रेडिओत नावं आली! आत्माराम (म्हणजे मी), महिपत, बाबू, शिवा, धोंडू. सहावा दादू. पण त्याच्या नावाला नेमकी खरखर आली. केवढं हे दुर्दैव!’
सावलीचं वाक्य काढावं का? कार्यक्रम संध्याकाळी असायचा. बघू.

१७ फेब्रुवारी, रविवार.
दोष एरियलचा. नारळावर तार चढवून घेतली. गाणी लख्ख. नावं लख्ख. सहाव्याला खरखर.
आज ‘ते’ गाणंही लागलं. होडीचं, मध्ये शीळ असलेलं. दादू ती शीळ रेकॉर्डपेक्षा सरस घालायचा. गाणं त्यानेच निवडलं होतं. आमच्यापैकी कुणाला ठाऊकच नव्हतं. लेखात ‘आम्ही निवडलेलं’ असं घालतो, सुटसुटीत होतं.
सेट बंद केल्यावर शीळ थोडा वेळ चालूच राहिली. खाडीकडून. तिन्हीसांजेला शीळ घालू नये हे हल्ली कुणाला कळत नाही.

२२ फेब्रुवारी.
सेट पिशवीत घालून एस.टी.ने रत्नागिरीला नेला. तिथे रेडिओ दुरुस्तीवाला बाबू आहे, कार्डावरचा, आमच्याच वर्गातला. त्याने उघडला, फुंकर मारली, बंद केला. म्हणाला, “सेटात काय नाय.” मी म्हटलं, सहाव्या नावाला खरखर येते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं. शाळेतही त्याचं विज्ञान कच्चंच होतं.

३ मार्च, रविवार.
दुपारी येसूबाई आल्या. दादूची आई. खूप वाळल्या आहेत. दादू मुंबईला गोदीत होता, गेल्या वर्षी एप्रिलात कावीळ होऊन गेला. मला जायचं होतं, पण मार्चअखेरची कामं साठली होती.
मी खुर्ची दिली. त्या पायरीवर बसल्या. त्यांची मर्जी. प्रभावतीने चहा दिला, वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात. स्टील टिकाऊ असतं.
त्यांचं काम एवढंच होतं की २१ एप्रिलला दादूला वर्ष होतं, त्या दिवशी त्याचं नाव रेडिओत यावं, त्याच्या गाण्याला. जन्मभर त्याला हौस होती म्हणाल्या. मुंबईहून पत्रात विचारायचा, आये, रेडिओ ऐकतेस ना. “तू ल्हेवतोस,” म्हणाल्या, “तुला सांगायला आलंय.”
मी शब्द दिला. मग सहज म्हटलं, तेव्हा ती खरखर आली नसती तर. त्या म्हणाल्या, “होय.” पेला स्वतः विसळून पालथा घातला आणि गेल्या.
निर्णय: कार्ड उद्याच.

४ मार्च.
कार्ड आणायचं राहिलं.

९ मार्च.
शिमगा. पालखी. वेळ नाही.

११ मार्च.
कार्ड आणलं. मेहुण्याचा सेट, तेव्हा त्याचं, काशीरामचं, नाव घालणं भाग आहे. प्रभावतीचं न घालून घरात राहता येणार नाही. भाऊंचं (थोरले भाऊ, दुकान आता ते बघतात, आमची त्यांची भिंत एक) घातलं नाही तर विचारतील. साहेब ऐकतात असं शिपाई म्हणाला.

१५ मार्च.
पहिलं कार्ड फाडलं, खाडाखोड झाली. दुसऱ्यावर पुढीलप्रमाणे: साहेब, भाऊ, काशीराम, प्रभावती, मी, महिपत, शिवा, धोंडू, बाबू, दादू. क्रम हुद्दा आणि वय बघून लावला आहे. दादू माझ्याहून दोन महिन्यांनी लहान. शिवाय शेवटचं नाव लोकांच्या लक्षात राहतं, नाटकातसुद्धा मोठा नट शेवटी येतो.
जागा पुरली. म्हणजे कार्डात दहा नावं मावतात.
हे कशाला लिहिलं, कळत नाही.

१६ मार्च.
कार्ड टाकलं, २१ एप्रिलची तारीख घालून. रात्री झोप नाही. चौसष्ट साली अक्षर मोठं होतं माझं. मोठ्या अक्षरात सहा नावं मावत नाहीत. हे कुणीही मान्य करील.

२४ मार्च, रविवार.
खरखर. आता सहाव्याला नाही, पाचव्यानंतर गप्पच. पाच नावं झाली की सेट श्वास घेतल्यासारखा थांबतो. प्रभावती म्हणाली, काही थांबत वगैरे नाही, तुम्ही डॉक्टरला दाखवा.
लेख बंद ठेवला आहे. साहेबांनी विषय दिला, ‘कार्यालयीन शिस्त’.

७ एप्रिल, रविवार.
खाडीवर फेरी मारायला गेलो. रोज फिरण्याचा संकल्प. धक्क्यावर कुणी शीळ घालत नव्हतं, तरी होती. परत आलो. फिरणं प्रकृतीला मानवत नाही.

१४ एप्रिल, रविवार.
बौद्धवाडीत जयंती. येसूबाईंनी बोलावलं होतं. निघालोच होतो, सदरा घातला होता. पडवीत भाऊ बसले होते. त्यांनी विचारलं, खंय चाल्लास. मी म्हटलं, कुठे नाही. ते खरंच झालं.
संध्याकाळी कर्ण्यावरून भाषणं आली, मग गाणी. मध्येच होडीचं गाणं. वाडीतल्या कुणीतरी दादूसाठी लावलं असणार. शिळेच्या जागी सगळी वाडी शीळ घालत होती. मी खिडकी लावून घेतली. डास.

२१ एप्रिल, रविवार. रात्री.
नीट लिहितो. वर काय काय लिहिलं ते वाचवत नाही.
येसूबाई साडेपाचलाच आल्या. पांढरं, धुतलेलं लुगडं. मी म्हटलं, आत या. त्या पायरीवरच. मी सेट उचलून पडवीच्या कडेला, त्यांच्याजवळ ठेवला. एवढं मात्र केलं.
तिसरं गाणं आपलं. निवेदक बाई म्हणाल्या, होडीचं हे गीत ऐकायचंय रत्नागिरी जिल्ह्यातल्या... साहेबांचं नाव आलं. भाऊंचं आलं. काशीराम. प्रभावती. आत्माराम. पाच. मी श्वास धरून बसलो. खरखर अजिबात नव्हती. इतका स्वच्छ सेट मी जन्मात ऐकला नव्हता. बाई म्हणाल्या, “आणि इतर मित्रमंडळींना.” गाणं सुरू झालं.
मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला माहीत होतं. एकवीस वर्षं तेच बोलतो आहे.
येसूबाईंनी आधी हात वर केला. म्हणाल्या, “खरखर आली.”
शिळेचा भाग आला, गेला. त्या ऐकत होत्या. गाणं संपल्यावर उठल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, “तवापन दादून घरी येऊन असाच सांगितलान. आये, सगल्यांची नावां आली, माज्या नावाला खरखर आली. मी फणसाखाली उबी व्हती रं. पाच नावां मोजली. एक खरखर नव्हती.”
रस्त्याला लागल्या. सोबत द्यायला हवी होती. मी सेट उचलून आत ठेवला.

२२ एप्रिल. पहाटे.
रजेचा अर्ज टाकणार आहे.
चौसष्टच्या कार्डावर जागा होती. दोन ओळी कोऱ्या राहिल्या होत्या, मला दिसतात अजून. दादूने मला गाण्याचं नाव सांगितलं, कार्ड त्यानेच पोस्टातून आणून दिलं. मी पाच नावं लिहिली आणि थांबलो. सगळा गाव पडवीत बसून ऐकणार. बाबा गल्ल्यावर. माझं नाव आणि त्याचं नाव एका दमात. बाबांनी पट्ट्याने सोलून काढलं असतं. मी भ्यालो. पेटीत टाकण्याआधी वाचू दे म्हणाला, तर म्हटलं शाई ओली आहे.
नावं आली तेव्हा तो रस्त्यावर, फणसाखालच्या गर्दीत पुढे होता. मी पडवीत, बाबांच्या मागे. पाच झाली आणि गाणं लागलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच माझ्याजवळ आला आणि हसत म्हणाला, काय रे, नेमकी माझ्या नावाला खरखर. मी म्हटलं, होय ना.
खरखर त्याची. मला अंगावर घालायला दिलेली. मी ती एकवीस वर्षं माझी म्हणून वापरली, त्याच्या आईलासुद्धा नेऊन दाखवली.

२३ एप्रिल.
नवीन कार्ड. एकच नाव. बाकी सगळं कोरं. माझं नाव कुठेच नाही, खाली पाठवणाऱ्याचंही नाही. स्वतः चालत जाऊन टाकलं.
येसूबाईंना सांगायचं उद्या.

२५ एप्रिल.
उद्या नक्की.

२८ एप्रिल, रविवार.
गेलो. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या वाडीत गेलो, वाट विचारावी लागली. घराला कुलूप. शेजारची तुळसा म्हणाली, लेक येऊन मुंबईला घेऊन गेली, आता काय परत येत नाय. पत्ता विचारला. तिला माहीत नव्हता. बसा म्हणाली, चहा केला. घेतला. चहा आज तीन.

१९ मे, रविवार. रात्री ८.
आलं. एकटंच नाव, “दादू” आणि पुढे गावाचं नाव. बाईंनी जरा थांबून वाचलं, इतकं रिकामं कार्ड बघितलं नसेल त्यांनी. खरखर नाही. शीळही चांगली आली.
घरात मी एकटाच होतो. प्रभावती माहेरी. भिंतीपलीकडे भाऊ जेवत होते म्हणून आवाज बारीक ठेवला होता.
नाव होऊन गेल्यावर, गाणं लागलं, तेव्हा मोठा केला.