मी जिवंत असतानाच वाटले गेलेले तळे

मी, खाली सही करणारी, मोटर वाइंडिंगचा धंदा करणारी विधवा, जिला सगळे 'मोटरवाल्या काकू' म्हणतात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. काहींच्या मते नको तितकी. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी हे वैतागून लिहीत आहे हे खरे, पण वैताग म्हणजे वेड नव्हे, आणि तसा दाखला डॉक्टरांनी तपासून दिलेला आहे. याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. पुतण्या, म्हणजे मोठ्या दिरांचा मुलगा, काय सांगत फिरतो त्याला अर्थ नाही.

१. मिळकत. रस्त्याकडेचे दोन खोल्यांचे घर, त्याला लागून दुकान, दुकानातली हत्यारे, बँकेतली शिल्लक आणि घरामागच्या उतारावरचे तळे. यातले काहीही वडिलोपार्जित नाही. माझे पती बोअरच्या गाडीवर कामाला होते. तळ्याच्या जागी तेव्हा मुरुम काढून सोडून दिलेली खाण होती. ती आम्ही दोघांच्या कमाईतून घेतली. मोठे दीर म्हणाले होते, "खड्डा विकत घेणारी माणसं पहिल्यांदाच पाहिली." आम्ही गाळ उपसला, बांध घातला, पाणी धरले, मासे सोडले. मग त्याच खड्ड्याला सगळे 'आपलं तळं' म्हणू लागले. पती गेले, मूलबाळ नाही, त्यामुळे 'आपलं' हा शब्द जरा जास्तच फोफावला.

२. चोऱ्या. गळ टाकणारे आले, मग जाळे टाकणारे आले, मग मालवाहू गाड्या धुणारे आले. मी पाटी लावली: 'आत शिरणाऱ्यावर कारवाई होईल.' पाटीच गेली. पुढे ती एका कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलेली पाहिली, अक्षरांसकट. कुंपण घातले. आधी तार गेली, मग खांब. कुत्रा आणला. चोरांनी त्याला बिस्किटे घातली, आणि तो त्यांना फाटकापर्यंत पोचवायला जाऊ लागला. चौकीत गेले तर हवालदार म्हणाले, "कोणावर संशय?" मी म्हटले, "सगळ्यांवर." ते म्हणाले, "बाई, सगळ्यांवर गुन्हा दाखल होत नाही," आणि मासे चवीला कसे आहेत ते विचारू लागले.

या सगळ्यांत एक बस कंडक्टर बाई. सुट्टीच्या दिवशी बांधावरून शिरायची आणि गळ टाकून बसायची. मी दुकानातून ओरडायची, "कोण आहे तिकडे?"

"मीच, काकू."

"चोरी करतेस!"

"हो. दोन मिळाले. तिसरा लागत होता, तेवढ्यात तुम्ही ओरडलात."

अशा माणसाशी भांडायचे तरी कसे? तरी मी वर्षानुवर्षे भांडले.

३. मोटर. तळ्यावरची पाण्याची मोटर चोरीला गेली तेव्हा पुतण्या माझ्यापेक्षा जास्त चिडला. गाडीवर बसून चार ठिकाणी शोधून आला. "काकू, असल्यांचे हात तोडले पाहिजेत," म्हणाला. मी त्याला चहा करून दिला, याचा आजही राग येतो.

काही आठवड्यांनी माझे जुने गिऱ्हाईक, रोपवाटिकावाले, एक जळालेली मोटर दुरुस्तीला घेऊन आले. वरून ताजा निळा रंग. मी उघडली, तर आतले वाइंडिंग माझे. तारेचे वेढे मी सुती दोऱ्याने बांधते आणि मी डावखुरी असल्यामुळे शेवटची गाठ उलटी बसते. स्वतःची गाठ कोण ओळखणार नाही?

"कुठून आणलीत?"

"तुमच्याच पुतण्याकडून. काकूंनी मोडीत काढलीय म्हणाला." मग माझा चेहरा पाहून त्यांचा आवाज खाली आला. "काकू, ही चोरीची आहे का?"

"घरची आहे," मी म्हटले. "तेच तर वाईट आहे."

बिचारे मोटर तिथेच ठेवून गेले. मी पुतण्याला बोलावून घेतले. मोटर टेबलावर उघडीच होती. त्याने एकदा पाहिली आणि खुर्ची ओढून आरामात बसला.

"काकू, याला चोरी कशी म्हणता? शेवटी हे सगळं मलाच येणार ना? थोडं आधी नेलं, इतकंच."

मी समोर बसले होते. जिवंत. हातात पाना होता.

त्या दिवशी मला कळले की तार कोणी नेली, खांब कोणी नेले. परके येत ते माशांसाठी. हा माझ्या मरणाची वाट पाहता पाहता हप्त्याहप्त्याने वारसा नेत होता.

४. विष. मी त्याला तळ्यावर पाय ठेवायला बंदी केली. त्याने मात्र कोणाशी तरी बोलणी केली होती: तळे बुजवायचे आणि जमिनीचे तुकडे पाडून विकायचे. मासे असेपर्यंत म्हातारी ऐकणार नाही, हे त्याने बरोबर ओळखले होते.

एका दुपारी कंडक्टर बाई धावत दुकानात आली. पाय चिखलाने भरलेले, हातात गळ. "काकू, चला! तुमचा पुतण्या आणि दोघं जण पाण्यात पोती ओततायत."

आम्ही पोचलो तोवर ते पसार झाले होते. ब्लीचिंग पावडरचा वास नाकात शिरत होता. काठाशी पांढरा फेस, आणि मासे उलटे होऊन वर येत होते. पतींनी स्वतःच्या हाताने सोडलेल्यांतले जुने, जाडजूड मासेही त्यात होते. मी बांधावर बसून राहिले. कंडक्टर बाई मात्र पलीकडच्या टोकाला, जिथे पाणी अजून बरे होते, गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरली आणि धडपडणारे मासे बादलीत भरू लागली. "काकू, रडायचं नंतर. पाणी कुठे आहे?" दुकानात मोटरी तपासायची सिमेंटची टाकी आहे. तिच्यात नेऊन सोडले. बादलीभर वाचले.

चौकीत हवालदारांनी तिला विचारले, "तुम्ही तिथे काय करत होतात?"

"मासे चोरत होते."

"म्हणजे न विचारता घुसला होतात. तुमच्यावरही केस होईल. नोकरीचं काय?"

"लिहा तसं. आणि त्याच्याखाली मी काय पाहिलं तेही लिहा."

हवालदारांनी लिहून घेतले. इतक्या वर्षांत 'मी शिरले होते' असे म्हणणारे हे पहिलेच माणूस.

५. समेट. मोठे दीर मला त्यांच्या घरी बोलावून म्हणाले, "घरातलं घरात मिटव. तक्रार मागे घे. रोगानं मेले म्हणावं मासे." तेव्हा दारात उभी असलेली सून, म्हणजे पुतण्याची बायको, म्हणाली, "बाबा, काकूंचं खरं आहे. पोती आपल्याच घरातून गेली." दुसऱ्या दिवशी तिला माहेरी धाडण्यात आले. मी तिला साक्षीला ओढलेले नाही, ओढणारही नाही. तक्रारही मागे घेतलेली नाही. खटला चालू आहे.

६. वाटप. (अ) घर, दुकान, सर्व हत्यारे, बँकेतली शिल्लक आणि तळे सुनेला, तिच्या एकटीच्या नावे. हल्ली ती रोज माहेराहून येऊन माझ्याकडे वाइंडिंग शिकते. तिने नवी तार भरलेली पहिली मोटर जळाली. कोणाची जळत नाही? नवऱ्याला घरात घ्यायचे की नाही हे तिने ठरवावे. घेतलेच, तर तो तिच्या घरी पाहुणा असेल. तळे बुजवू नये, विकू नये.

(आ) पुतण्याला काहीही देत नाही. हे विसरून नव्हे, आठवणीने. त्याने आपला वाटा आधीच उचललेला आहे.

(इ) मोठ्या दिरांना पतींची आरामखुर्ची द्यावी. तीत बसून ते मला शिव्या देतील. देऊ द्यात. पाठीला चांगली आहे.

(ई) कुत्रा रोपवाटिकावाल्यांनी न्यावा. राखणीची अपेक्षा ठेवू नये.

(उ) तळे आधी मी कंडक्टर बाईला देणार होते. बोलावून तसे सांगितले. आनंद होईल वाटले होते, तर तिने मान हलवून नकार दिला.

"काकू, तळं मला दिलंत तर माझी साक्ष गेली. त्यांचा वकील म्हणेल, तळ्यासाठीच बोलली. आणि पुतण्या सुटेल."

हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. मी म्हटले, "मग तुला देऊ तरी काय? मोकळ्या हातानं कसं पाठवू?"

आम्ही बांधावर उभ्या होतो. पाणी निवळल्यावर टाकीतले मासे नुकतेच परत सोडले होते. ती म्हणाली, "खटला संपला ना, की मला विचारून येऊ द्या."

इतकी वर्षे न विचारता शिरणारी बाई विचारून यायचे मागत होती. म्हणून लिहिते: खटल्याचा निकाल लागल्यावर, तो कसाही लागो, या बाईला हयातभर फाटकातून तळ्यावर येण्याचा, बसण्याचा व गळ टाकण्याचा हक्क राहील. सुनेने तिला अडवू नये, उठवू नये, आणि ऊन असेल तर छत्री नेऊन द्यावी. हा हक्क तिच्या एकटीचा आहे. तिच्यासोबत मैत्रिणी, जावा, नणंदा येऊ लागल्या तर त्यांना हाकलावे.

वरील सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे. ज्यांना काही मिळत नाही अशांनाच साक्षीला घेतले आहे. कुत्रा म्हणजे मिळकत नव्हे, असे रोपवाटिकावाल्यांचेच म्हणणे पडले.

स्थळ: तळ्याच्या बांधावर; दुकानात ग्राहक बसू देईनात.
दिनांक: आजचा, सोमवार, सकाळी.

सही: मोटरवाल्या काकू (डाव्या हाताची)

साक्षीदार १: डॉक्टर. नाडी पाहून सही केली.
साक्षीदार २: रोपवाटिकावाले. पूर्ण वाचून, डोळे पुसून सही केली.