इसाकूच्या वाटचा पेला

१५ जानेवारी १९०५, सकाळ

मालकांनी बोलावून सांगितलं, ११ फेब्रुवारीला जपानच्या राष्ट्रस्थापनेच्या दिवशी शाळेत स्पीच तुम्हीच द्यायचं. विषय : 'साकेचा धंदा आणि राष्ट्राची प्रगती, तसेच बेताने पिणे.' बावीस वर्षं या कारखान्याचा कारभारी आहे. माझ्याशिवाय आहे कोण?

पहिला भाग तोंडपाठ आहे. सरकारला टॅक्स मिळतो तो आमच्या तांदळाच्या दारूतून, साकेतून. तोफा, बोटी, काडतुसं, सगळं आमच्या पिंपांतूनच निघतं. माझ्या अंदाजाने एका पेल्यामागे एक काडतूस. आमचा एकुलता एक इसाकू गेल्या पानगळीपासून मंचुरियात रशियनांशी लढतोय. म्हणजे इथे मी एक पेला घेतला की तिथे त्याच्या बंदुकीत एक गोळी पडते. बापाने एवढं तरी करावं.

दुसऱ्या भागासाठी स्वतःचं उदाहरण घालून द्यायचं ठरवलं. आजपासून रोज एकच पेला. लेखी.

पेले : एक.

१६ जानेवारी, संध्याकाळ

नियमात थोडी सुधारणा. आपल्याकडे सभ्य माणूस स्वतःचा पेला स्वतः भरत नाही, समोरचा भरतो. त्याला नको म्हणणं हा त्याचा अपमान. तेव्हा तो पेला भरणाऱ्याचा. मी फक्त स्वतः भरलेले मोजणार.

आज आमचा मुख्य कारागीर गेंझो याने पाच भरले. पोस्टमास्तरने तीन.

पेले : शून्य. दुसऱ्याच दिवशी नियमाच्या पुढे गेलो.

१८ जानेवारी

माझी बायको तोमे रोज संध्याकाळी इसाकूचं ताट मांडते. तो गेल्यापासून एक दिवस चुकलेली नाही. भात, लोणचं, आणि झाकणाच्या वाटीत आंबवलेल्या सोयाबीनचं, मिसोचं उकळतं सार. जरा वेळाने झाकण उचलून बघते. आतून दव धरलं असेल तर पोरगा सुखरूप. मग ती जेवते. बायकांचं असं असतं. मी काही बोलत नाही.

ताटात साकेचा पेला ठेवायची कल्पना माझी. नंतर तो फेकणार कसा? प्रसादच तो. मी घेतो. तो इसाकूचा, त्यामुळे मोजायचा प्रश्नच नाही.

इसाकू स्वतः थेंबाला शिवत नाही. लढाईवर निघाला त्या दिवशी स्टेशनवर सगळे त्याच्या नावाने पेले उंचावत होते, तेव्हा हा सगळ्यांदेखत म्हणाला, बाबा, माझ्या नावावर पिऊ नका हं. सगळे हसले. मीही हसलो.

२१ जानेवारी, पहाट

पिंपखान्यात गेलो होतो. या दिवसांत पिंपातलं आंबवण बोलू लागतं. शेजारच्या खोलीत माणसं बोलत असावीत तसं, शब्द मात्र कळत नाहीत. आज सातव्या पिंपातून स्पष्ट ऐकू आलं : बाबा.

गेंझोला विचारलं, तू ऐकलंस का? तो म्हणाला, कारभारी, पिंप नाही बोलत, तुमच्या पोटातलं बोलतंय. तेही माझ्याच पिंपातलं आहे म्हणा.

उद्धट माणूस आहे. पण सातव्या पिंपाकडे पुन्हा गेलो नाही.

२४ जानेवारी, संध्याकाळ

आज एक छोटी गोष्ट झाली.

थंडी फार. ताटातला पेला गार होऊन वाया जाईल म्हणून तोमे यायच्या आत घेतला. नुसता घशाखाली उतरेना, म्हणून झाकण काढून साराचे दोन घोट घेतले. झाकण पुसून पुन्हा ठेवलं. मी स्वच्छतेचा माणूस.

तोमेने झाकण उचललं तर कोरडं.

ती बसूनच राहिली. मी म्हटलं, सार कोमट असेल. ती म्हणाली, उकळतं होतं हो, वाटी ठेवताना हात पोळला माझा. हात दाखवला. बोटं लाल होती.

सांगणारच होतो. पण स्पीच तोंडावर आलंय, आणि बेताने पिण्यावर बोलणारा माणूस पोराच्या ताटातलं पितो हे गावभर झालं असतं. उद्या सांगेन.

२७ जानेवारी

तोमे चार दिवस जेवलेली नाही, नुसतं गरम पाणी पिते. सकाळी बर्फातून अनवाणी देवळात जाते. पाय सुजलेत. मी झाकण तपासतो, आता रोज दव असतं. तिला दाखवलं. ती म्हणाली, एकदा कोरडं झालं ते झालंच.

सांगायला हवं होतं. आता सांगितलं तर चार दिवस का नाही सांगितलं, हे आधी सांगावं लागेल.

३० जानेवारी

इसाकूचं पत्र! बरा आहे. तिकडे साके वाटतात तेव्हा बाटलीत गोठलेली असते. आपला वाटा हा दुसऱ्यांना देतो. शेवटी लिहिलंय, बाबांचं कसं चाललंय ते आईने लिहावं, बाबांनी नको.

मला हायसं वाटलं. तोमेने तारीख बघितली. पत्र नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यातलं. ती म्हणाली, म्हणजे झाकणाच्या आधीचं.

या आनंदात मालकांनी सात पेले भरले.

पेले : शून्य.

३ फेब्रुवारी

आज भुतं हाकलायला सोयाबीनचे दाणे उधळायचा सण. आज खरंच प्यायलो नाही. कुणी भरलेला नाही, स्वतः भरलेला नाही, इसाकूचाही नाही. अक्षर वाकडं आलंय, त्यावरूनच कळेल.

तोमेने ताट मांडलं आणि भाजलेले दाणे आणायला गेली. मी लांबच बसलो होतो. देवाशपथ, लांबच. तरी मनात आलं, एकदा बघावं.

झाकण कोरडं होतं.

वाटीला हात लावून पाहिला. चटका बसला. सारातून वाफ निघत होती आणि झाकण आतून कोरडं ठणठणीत. पुन्हा ठेवलं. शंभर आकडे मोजले. पुन्हा उचललं. कोरडंच. दाराच्या फटीतून वारा येत असेल.

तोमेची पावलं ऐकू आली. जवळ पाणी नव्हतं. पेल्यात बोटं बुडवली आणि झाकणावर शिंपडली.

तिने झाकण उचललं. बराच वेळ नाकाजवळ धरून बघत राहिली. मग हसली. दहा दिवसांनी हसली. म्हणाली, बघा हो, केवढं दव धरलंय आज. दोन वाट्या भात खाल्ला. मग दाणे उधळत घरभर फिरली, भुतं बाहेर, सुख आत, असं ओरडत. माझ्याही अंगावर मूठभर फेकले.

मी चांगलंच केलं. ती जेवली हे महत्त्वाचं.

वाराच असणार.

७ फेब्रुवारी

स्पीचची तयारी. रात्री झोप नाही, म्हणून दिवसा घेतो. औषधाचे पेले वेगळे धरायला हवेत. संध्याकाळी तोमेच्या आधी ताटाकडे जात नाही. नंतरही नाही. ताटातल्या पेल्याचं ती काय करते, माहीत नाही.

११ फेब्रुवारी, दुपार

स्पीच उत्तम झालं. म्हणजे सुरुवात उत्तम झाली.

एका पेल्यामागे एक काडतूस म्हटल्यावर टाळ्या. देशासाठी प्या, पण बेताने प्या, यालाही टाळ्या. हेडमास्तरांनी विचारलं, बेत म्हणजे नेमके किती पेले? मी माझा नियम सांगितला, स्वतः भरलेला एक. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच एकमेकांचे पेले भरायला घेतले. मालक भलतेच खूश.

तेवढ्यात मागून म्हातारी ओशिगे उठली. तिच्या मुलाची राख पानगळीत आली. ती म्हणाली, कारभारी, मी विधवा बाई, आमच्या घरात कुणी पिणारं नाही. मग माझ्या पोराला काडतूस कमी पडलं का?

उत्तर मला माहीत होतं, पण त्या वेळी आठवेना. गेंझोने माझा पेला भरला. तो घेतला, आणि बहुतेक पायऱ्यांवर बसलो. तोमेने घरी आणलं.

२४ फेब्रुवारी

फौजेची नोटीस आली. टेहळणीवर असताना गोळी लागून इसाकू गेला. तारीख ३ फेब्रुवारी.

मी म्हटलं, त्या दिवशी तर झाकणावर दव होतं. ते तोंडातून कसं निघालं, कळलं नाही.

तोमे म्हणाली, साकेचा वास येत होता हो त्याला. मला तेव्हाच कळलं.

मी विचारलं, मग हसलीस का? दोन वाट्या जेवलीस का?

ती म्हणाली, तुमचं तोंड बघितलं. घाबरून दाराकडे पळणाऱ्या पोरासारखं झालं होतं. त्यात मी रडले असते तर तुम्ही काय केलं असतं, ते मला बघायचं नव्हतं.

२४ जानेवारीचं अजून सांगितलेलं नाही.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ

तोमेने ताट मांडलं, इसाकूच्या फोटोपुढे. झाकण कपाटात ठेवून दिलंय. म्हणाली, आता काय बघायचंय.

२४ जानेवारीचं सांगितलं. सार, दोन घोट, पुसलेलं झाकण. ती ऐकत होती. पोळलेल्या बोटावरचा डाग चोळत म्हणाली, बरं.

मग ताटातला पेला उचलून तिने माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, घ्या. माझ्या नावावर पिऊ नका म्हणाला होता ना? आता ते नाव त्यालाच लागणार नाही.

प्यायलो. गार होता.

पेले : एक.